माघारीचा अर्ज

लोकांचे अर्ज भरणं हा माझा धंदा आहे. शहापूरला तहसील कचेरीसमोर झेरॉक्सच्या दुकानांची रांग आहे, त्यातल्या एका दुकानात पंख्याखालच्या खुर्चीवर मी नऊ वर्षं बसते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रेशनकार्डात नाव घालायचं, नाव काढायचं, वारस लावायचा. माणूस समोर येऊन बसला की तोंडावरून मला कळतं कुठला फॉर्म काढायचा. हे मी फुशारकीने सांगत नाही, कंटाळून सांगते. दिवसाला चाळीस वेळा मी 'मी खाली सही करणार' असं टाइप करते आणि त्यातलं एकही 'मी' माझं नसतं.

म्हणून ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि आमच्या वॉर्डातली जागा बाईसाठी राखीव निघाली, तेव्हा मी पहिल्यांदा स्वतःचा अर्ज भरला. आमचं गाव खर्डीपासून आत, रिक्षा फाट्यापर्यंतच येते, पुढे पायी. घरात विचारलं नव्हतं असं नाही. नवरा म्हणाला, "भर ना, तुला कोन अडवतंय." सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. आबा काहीच बोलले नाहीत, आणि त्यांचं न बोलणं म्हणजे होकार असं मी माझ्या सोयीने धरलं. छाननीत अर्ज टिकला. कचेरीच्या भिंतीवर यादी लागली, तिच्यात माझं नाव. जेवणाच्या सुट्टीत मी ते दोनदा बघून आले. तिसऱ्यांदा गेले तर शिपाई हसायला लागला.

आमच्याकडे मतदानाच्या आधी एक बैठक देवळात होते. कुठल्या वॉर्डात कोण उभं राहणार आणि कोण बसणार, म्हणजे अर्ज काढणार, ते तिथे ठरतं, आणि ठरलं की देवापुढे नारळ ठेवून सगळे शब्द देतात. गाव बिनविरोध झालं याचा मोठा मान असतो. शेजारच्या गावात मतदान झालं असं सांगताना आमची माणसं त्यांच्या घरात भांडण झाल्यासारखा आवाज करतात. बैठकीला बायका नसतात. बंदी नाही, नसतात एवढंच. आमच्या वॉर्डात दोन अर्ज होते, एक माझा आणि एक भावकीतल्या माझ्या थोरल्या जावेचा. आबा बैठकीहून आले, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "पोरी, उद्या काढून टाक अर्ज. ती मोठी हाय. मी शब्द दिलाय."

मी का म्हणून विचारलं नाही. त्याचा राग मला आबांवर जेवढा आहे त्याहून जास्त माझ्यावर आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत माघारीची मुदत होती. मी नेहमीसारखं दुकान उघडलं, तर गिऱ्हाईक म्हणून माघार घेणारेच यायला लागले. आमच्या गावातल्या चौघांचे नमुने मीच भरले. एकाने भलत्याच ठिकाणी सही केली, त्याला नवीन कागद दिला. पाचवा माझा भरला. सुवाच्य अक्षर, एक खाडाखोड नाही. कचेरीत टेबलामागच्या साहेबांनी तो हातात धरून म्हटलं, "असे सगळ्यांनी भरले तर आमचं काम किती सोपं होईल." मी थँक्यू म्हटलं. खरंच म्हटलं, काय सांगू.

त्यानंतर माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. कुठे बसलं की उठावंसं वाटायचं. भाकरी थापताना मनातल्या मनात भाषण करायचे आणि भाकरी करपायची. दुकानात गिऱ्हाइकांवर खेकसायला लागले, तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, "चार दिवस सुट्टी घे." सुट्टी घेऊन घरी बसले असते तर घरच्यांचं काही खरं नव्हतं. बरं, कुणाला सांगणार, आणि काय सांगणार? मला कुणी मारलं नव्हतं, हाकललं नव्हतं. जाऊबाई सदस्य झाली, तिने घरी पेढे आणून दिले. मीही तिला हळदीकुंकू लावलं.

एका रिकाम्या दुपारी एकदा काढलेला अर्ज परत लावता येतो का, ते मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर शोधत होते. येत नाही. मला माहीत होतं, तरी शोधत होते. शोधता शोधता भलतीकडेच गेले. काही मराठी माणसांनी नेटवर एक खोटं राज्य काढलेलं होतं. नकाशात नाही, जमीन नाही, पण त्याला घटना आहे, सरकार आहे, विरोधी पक्ष आहे, न्यायाधीश आहे, दोन वर्तमानपत्रं आहेत आणि ती एकमेकांना शिव्या देतात. कोण पुण्याचा, कोण नागपूरचा, कोण परदेशात नोकरी करणारा. खरी नावं कुणी सांगत नाही. आधी मला हसू आलं. यांना काही कामधंदे आहेत की नाहीत, असं वाटलं. मग मी त्यांच्या सभागृहाची चर्चा वाचायला लागले आणि साडेपाच कधी वाजले ते कळलं नाही. एकाने मुद्दा मांडायचा, दुसऱ्याने खोडायचा, आणि शेवटी मत. दरवेळी मत. सरकारी सुट्टी कुठल्या वारी द्यायची यावरसुद्धा मत.

मी त्या राज्याची नागरिक झाले. एक नाव घेतलं, ते इथे सांगत नाही. महिनाभर नुसतं वाचलं. मग सभागृहात एक जागा रिकामी झाली आणि सभापतींनी अर्ज मागवले. अर्जदाराने पाच प्रश्नांची उत्तरं लिहायची, तीन दिवस सभासद त्याला उलटे प्रश्न विचारणार, नंतर अकरा सभासद मत देणार. माझे हात शिवशिवायला लागले. अर्ज म्हटल्यावर काय, तो तर माझाच प्रांत.

आणि तिथेच मी पहिला घोळ घातला. नऊ वर्षांची सवय हातात होती. 'प्रति, माननीय सभापती महोदय' पासून 'आपली विश्वासू' पर्यंत सगळं शिस्तीत टाइप केलं, खाली 'सोबत' लिहिलं आणि कागद जोडले. आधार कार्ड, रहिवासी दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. कागद जोडल्याशिवाय अर्ज पूर्ण होत नाही, हे मी दिवसभर लोकांना ओरडून सांगत असते. पाच मिनिटांत सभापतींचा खाजगी निरोप आला, "ताई, आधी ते कागद काढा. तुमचा पत्तासुद्धा दिसतोय." मी कपाळावर हात मारला. त्यांनी स्वतः ते पुसून टाकलं आणि दिलासा म्हणून लिहिलं, "आमच्याकडे आजवर इतका पूर्ण अर्ज आलेला नाही."

पाच प्रश्नांतला शेवटचा सोपा दिसत होता. तुम्हाला सभागृहात का यायचंय? लोकांच्या अर्जात कारणाच्या रकान्यात मी डोळे मिटून 'शैक्षणिक' नाहीतर 'वैद्यकीय' टाकते. इथे चार वेळा लिहिलं आणि चार वेळा खोडलं. शेवटी लिहिलं, 'मला बोलायचंय आणि त्यावर कुणीतरी हो किंवा नाही म्हणायला हवंय.' पाठवून टाकलं आणि लगेच लाज वाटली.

पण प्रश्न आले. एकाने विचारलं, पहिला ठराव कुठला आणाल? मी लिहिलं, सभेत जे ठरलं ते सभा उठायच्या आत वाचून दाखवायचं आणि मगच सह्या घ्यायच्या, कारण न झालेल्या सभेच्या वहीवर घरोघरी जाऊन सह्या घेतलेल्या मी पाहिल्यात. दुसऱ्याने खवचटपणे विचारलं, नेटवरच्या सभेत सगळं लिहिलेलंच असतं, मग वाचायचं काय? मी म्हटलं, लिहिलेलं असतं म्हणून कुणी वाचतं का? आमच्या दुकानात येऊन बघा. त्यावर तिघाचौघांनी हसण्याची चित्रं टाकली. माझ्या वाक्यावर कुणीतरी अडून बसलंय, मला उत्तर द्यायला लावतंय, हे मला इतकं आवडलं की त्या संध्याकाळी मी घरी जाताना फाटा सोडून पुढे चालत गेले आणि परत वळले.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आणखी एक अर्ज आला. एका निवृत्त शिक्षकांचा. हे राज्य ज्यांनी काढलं त्यांच्यापैकी ते एक, आजारपणामुळे वर्षभर दूर होते, आता परत यायचं म्हणत होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. लगेच रांग लागली: या गुरुजी, तब्येत कशी आहे गुरुजी, तुमच्याशिवाय मजा नव्हती गुरुजी. मी ते वाचलं आणि मला काहीही वाटायच्या आत माझे हात चालायला लागले. चार मिनिटं लागली. 'मी या जागेसाठी केलेला अर्ज स्वखुशीने मागे घेत आहे. माननीय गुरुजी ज्येष्ठ आहेत. निवड बिनविरोध व्हावी ही विनंती. माझ्यावर कोणताही दबाव नाही.' तो मजकूर मला पाठ आहे. सगळ्यांसमोर टाकला.

आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं. छाती भरून आली. मला वाटलं, आता सगळे म्हणतील ताईंचं मन मोठं आहे. डबा उघडला, दोन घास खाल्ले, मोबाइल बघितला. कुणी काही म्हटलेलं नव्हतं. मग एकाने लिहिलं, 'दबाव नाही असं कोण लिहितं? ज्याच्यावर असतो तोच.' दुसऱ्याने विचारलं, 'गुरुजींनी ताईंना आतून निरोप दिला होता का? दिला असेल तर नियमाप्रमाणे गुरुजींचाच अर्ज बाद.' बघता बघता पन्नास निरोप. तिथल्या एका वर्तमानपत्राने बातमीसुद्धा लावली. मी डबा बंद केला. गुरुजींचा काही दोष नव्हता, त्यांना माझं नावही माहीत नव्हतं.

गुरुजींनी एवढंच लिहिलं, "मी या ताईंशी कधी बोललेलो नाही. त्यांनी माझ्यासाठी बाजूला व्हायचं काही कारण नाही. मी परत आलोय तो निवडणूक लढवायला."

सभापतींनी निर्णय दिला. माघार मागे घेता येईल, रविवारी संध्याकाळी पाचच्या आत, कारण लिहून. घेतली नाही तर गुरुजींवरच्या संशयाची चौकशी होईल आणि ती होईपर्यंत जागा रिकामी राहील. मला त्यांनी वेगळं विचारलं, "ताई, कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" मी मोबाइल पालथा ठेवला. समोर बसलेल्या म्हाताऱ्या बाईचा निराधार योजनेचा फॉर्म भरायला घेतला आणि तिच्या वयाच्या जागी माझं वय टाकलं.

कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. ना देऊळ, ना बैठक, ना आबा. अनोळखी अकरा माणसांत, जिथे मला कुणी बस म्हणालं नव्हतं, तिथे मी आपली आपण उठून बाजूला झाले होते. आणि वर त्याचा मला आनंद झाला होता. शनिवारभर हाच किडा डोक्यात वळवळत राहिला. तीन माणसांवर ओरडले, एका दाखल्याची चुकीची प्रिंट काढली. दुपारचा चहा मालकीणबाईंनी स्वतः आणून दिला.

रविवारी मला माहेरी जायचं होतं. माझं माहेर मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याला. झोडणी सुरू होती आणि भावाने माणसं कमी आहेत म्हणून बोलावलं होतं. सकाळपासून खळ्यावर भाताचे भारे आपटत होते. कुसं अंगाला टोचत होती, त्याहून जास्त घड्याळ टोचत होतं. तिथे घरात रेंज येत नाही. वर पाण्याच्या टाकीपाशी दोन कांड्या येतात, त्याही टाकीच्या डाव्या बाजूला. चार वाजता मी हातातला भारा टाकला आणि टाकीकडे निघाले. आई मागून ओरडली, "आता कंला चाल्लीस गो? अजून आर्धं रायलंय." मी आले म्हटलं आणि थांबले नाही.

टाकीला टेकून लिहायला बसले आणि लक्षात आलं की या अर्जाचा नमुनाच नाही. माघारीचा आहे. माघार मागे घ्यायचा नऊ वर्षांत मी एकही भरलेला नाही, कारण आपल्या खऱ्या निवडणुकीत तशी सोयच नाही. 'प्रति' लिहिलं, खोडलं. 'विषय' लिहिलं, खोडलं. आई टाकीपर्यंत चढून आली होती, दम लागला होता. म्हणाली, "कोनाशी भांडत्येस फोनवर?"

"भांडत नाय आई. लिवत्येय."

"मंग तोंड असं का करत्येस?"

मी तिला सांगितलं. सगळं, देवळापासून. तिने पदराने मानेवरची कुसं झाडली आणि म्हणाली, "तुज्या बापाने अर्ज काढायला लावला असता तर मी दोन दिस जेवले नसते." माझे वडील जाऊन सहा वर्षं झाली, आणि त्यांच्या हयातीत आईने कुठल्याही गोष्टीसाठी उपास केल्याचं मला आठवत नाही. पण ती तिथेच टाकीच्या सावलीत बसून राहिली, आणि मी लिहिलं ते असं:

'मला कुणी सांगितलं नव्हतं. गुरुजींचा काही संबंध नाही. आमच्या गावात समोर मोठं माणूस असलं की लहानाने अर्ज काढायचा असतो, मतदान व्हायच्या आधी. मी तसा एकदा खरोखरचा अर्ज काढलाय. तेव्हा सांगितलं होतं म्हणून काढला. या वेळी न सांगता काढला आणि मला त्याची लाज वाटते. माझी माघार मी मागे घेते. मला मत हवंय. पडले तरी चालेल.'

चार चाळीसला पाठवला. बराच वेळ गोल गोल फिरत राहिलं. मी मोबाइल डोक्यावर धरून टाकीला फेऱ्या मारल्या आणि आई बसल्या जागेवरून बघत होती. पावणेपाचनंतर कधीतरी गेला. मग आम्ही दोघी खाली येऊन अंधार पडेस्तोवर झोडत होतो.

मतदान सोमवारी झालं, निकाल मंगळवारी सकाळी. दुकानात गर्दी होती, मी टेबलाखाली धरून वाचला. गुरुजींना सात, मला चार. मी पडले होते. चालेल असं मी स्वतःच लिहिलं होतं, पण चाललं नाही, फार वाईट वाटलं. दिवसभर मनातल्या मनात त्या सातांशी भांडत होते. तुम्हाला माझा ठराव पटला होता ना, मग? घरी जाताना रिक्षात बसले आणि तेव्हा कुठे मला मत देणाऱ्या त्या चौघांची आठवण झाली. ना भावकी, ना गाव, ना ओळख. त्यांनी माझं वाचलं होतं आणि हो म्हटलं होतं. मला त्यांची नावंसुद्धा माहीत नाहीत. रिक्षातल्या बाईने विचारलं, "काय झालं गो, रडत्येस?" मी म्हटलं, "धूळ गेली."

घरी आबा ओटीवर वाल सोलत बसले होते. मी पिशवी ठेवली, हातपाय धुतले आणि त्यांच्यासमोर बसले. सून सासऱ्यासमोर अशी बसत नाही आमच्याकडे, पण बसले.

"आबा, मी निवडणुकीला उभी होते."

त्यांचे हात थांबले. "कंची?"

मी समजावून सांगितलं. मोबाइलवरचं राज्य, सभागृह, गुरुजी. त्यांना किती कळलं माहीत नाही. शेवटी त्यांनी बरोबर तेवढंच विचारलं. "आली काय निवडून?"

"पडले. अकरातली चार मिळाली."

त्यांनी दोन शेंगा सोलल्या. "वळख ना पाळख, चार म्हंजे वाईट नाय," म्हणाले. मग आणखी एक सोलली, आणि खाली बघूनच विचारलं, "हितं किती पडली असती तुला?"

"काय माहीत आबा. तुमी पडूच दिली नाय."

हे मी आवाज न चढवता बोलले. चढवायची गरज नव्हती. आत चुलीपाशी सासूबाईंच्या हातातलं भांडं थांबलेलं मला ऐकू आलं. आबांनी टरफलं एका बाजूला सारली. मग म्हणाले, "एक तरी पडलं असतं. माजं व्हतं."

मला बरं वाटायला हवं होतं. उलट अंगाचा तिळपापड झाला. जो माणूस मला मत देणार होता त्यानेच माझा अर्ज काढायला लावला होता.

"मग शब्द कशाला दिलात?" मी म्हटलं. "कोनी जोर केला तुमाला?"

"नाय गो." त्यांनी शेंग हातातच धरली. "मला कोनी इचारलंच नाय. समोरची थोरली हाय म्हटल्यावर मी आपला उठलो आन् बोललो, आमी काढतो. सगली बोलली, मन मोठं हाय. मला बरं वाटलं."

मी त्यांच्या पुढ्यातली एक शेंग उचलली आणि सोलायला घेतली. शुक्रवारी डबा खाताना मलाही असंच बरं वाटलं होतं.